ध्यास उत्तमाचा (लेखांक ७) : जे येतं, तेच आडवं येतं

मागच्या दोन लेखांकांत आपण चालढकल आणि अपयशाची भीती या दोन अडथळ्यांबद्दल बोललो. ते ओळखायला सोपे असतात. काम पुढे ढकललं की मनाला टोचणी लागते, भीती वाटली की छातीत धडधडतं. अडथळा स्वतःच आपली वर्दी देतो. आज ज्याच्याबद्दल लिहायचं आहे तो अशी वर्दी देत नाही, कारण तो कौतुकाच्या वेशात येतो. जे काम आपल्याला उत्तम जमतं, ज्याच्या जोरावर चार माणसं आपल्याला ओळखतात, तेच काम पुष्कळदा आपल्या पुढच्या वाढीच्या आड उभं राहतं.

याच्या अगदी उलट टोकाला आणखी एक अडथळा असतो : जे येत होतं तेच एके दिवशी हातातून निसटणं. आजारपण, अपघात, वय, घरातली एखादी अटळ जबाबदारी, कारण काहीही असो, ज्या बळावर आपण उभे होतो ते बळच जातं. आता उत्तम काम आपल्याला शक्य नाही, अशी मनाची खात्री पटते आणि माणूस प्रयत्न सोडून देतो.

हे दोन्ही अडथळे एकाच माणसाच्या वाट्याला, एकापाठोपाठ आणि पुऱ्या ताकदीनिशी आले, त्याचं उदाहरण आपल्या संगीताच्या इतिहासात आहे. पं. कुमार गंधर्व. २०२४ साली त्यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. त्यांच्या गाण्यावर मराठीत भरभरून लिहिलं गेलं आहे. या लेखमालेत आपल्याला त्यांच्याकडे वेगळ्या कारणासाठी जायचं आहे. या दोन अडथळ्यांशी त्यांनी काय केलं, ते आपल्यालाही करता येण्याजोगं आहे का, हे समजून घ्यायचं आहे.

शाबासकीचा सापळा

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावी गावातला. घरात वडिलांचं गाणं होतं आणि त्या काळात नव्यानेच घरोघर पोचू लागलेल्या ग्रामोफोनच्या तबकड्या होत्या. अब्दुल करीम खाँ, फैयाज खाँ, वझेबुवा, सवाई गंधर्व यांच्या तबकड्या हा मुलगा ऐकायचा आणि जशाच्या तशा गाऊन दाखवायचा. चाल आणि बोल तर यायचेच, पण त्या गवयाची आवाज लावण्याची पद्धत, तानेचं वळण, मध्येच घेतलेली हरकत, सगळं बारकाव्यासकट उतरायचं. लहान वयातच एका मठाच्या स्वामींनी त्याला 'कुमार गंधर्व' म्हटलं आणि पुढे तेच नाव झालं. गावोगावी कार्यक्रम होऊ लागले. १९३६ साली मुंबईत जिना हॉलमध्ये प्रा. बी. आर. देवधर यांनी भरवलेल्या संगीत परिषदेत हा मुलगा गायला, तेव्हा समोर जाणकारांचीच सभा होती आणि त्या सभेने त्याला डोक्यावर घेतलं.

आता या मुलाच्या जागी आपण स्वतःला ठेवून पाहू या. वय अकरा-बारा. नाव झालेलं. तिकिटं खपताहेत. थोरामोठ्यांचे आशीर्वाद मिळताहेत. या घडीला कोणी येऊन सांगितलं की बाळा, तुला अजून गाणं यायचं आहे, तर ते कोणाला पटेल? आईवडिलांना नाही, श्रोत्यांना नाही, त्या मुलाला तर नाहीच. तरी वस्तुस्थिती तीच होती. जे गायलं जात होतं ते दुसऱ्यांचं होतं. राग म्हणजे काय, हा स्वर इथे का आणि तिथे का नाही, याचं ज्ञान त्यात नव्हतं. अफाट स्मरणशक्ती आणि तयार गळा यांच्या जोरावर परिणाम साधला जात होता, आणि परिणाम साधतोय म्हटल्यावर कारणाकडे वळायची निकड कोणालाच भासत नव्हती.

बालकलाकारांपैकी फार थोडे मोठेपणी टिकतात, त्याचं एक मोठं कारण हे आहे. आवाज फुटतो हे वरवरचं कारण. आतलं कारण असं की सर्वांत जास्त शिकण्याच्या वयात त्यांना सर्वांत जास्त शाबासकी मिळते.

हा सापळा फक्त बालकलाकारांसाठी नसतो. पंधरा वर्षांपूर्वी काढलेल्या टिपणांवर आजही वर्ग जिंकणारे शिक्षक आपल्याला माहीत असतात. त्यांना विषय चांगला येतो, मुलं खूश असतात, निकाल चांगला लागतो. एखाद्या वकिलाची उलटतपासणीची एक ठरलेली धाटणी असते आणि ती बहुतेक वेळा लागू पडते. एखाद्या सुगरणीच्या हातचे पाच पदार्थ सगळ्या नात्यागोत्यात नावाजलेले असतात आणि सहावा करून पाहायची वेळच येत नाही. यात वाईट काहीच नाही. मात्र उत्तमाचा ध्यास असेल, तर ही जागा धोक्याची आहे.

हात बसल्यावर काय होतं

कोणतंही कौशल्य शिकताना सुरुवातीला प्रत्येक हालचालीकडे लक्ष द्यावं लागतं. सायकल शिकणारा हँडल, पायडल, ब्रेक, रस्ता या सगळ्यांचा एकाच वेळी विचार करत असतो आणि म्हणून धडपडतो. काही दिवसांनी हात बसतो, विचार न करता सायकल चालते. मेंदूने ते काम अंगवळणी टाकलेलं असतं. रोजच्या व्यवहारासाठी ही मोठीच सोय आहे, नाहीतर आपल्याला चहा करताना गप्पा मारता आल्या नसत्या.

पण काम अंगवळणी पडलं की सुधारणाही थांबते. लक्ष निघून गेल्यावर चूक दिसत नाही आणि दिसत नाही ती चूक दुरुस्त होत नाही. रोज स्वयंपाक करणारी, रोज गाडी चालवणारी, रोज अहवाल लिहिणारी लाखो माणसं वीस वर्षांत फार पुढे जात नाहीत, याचं कारण हे आहे. वर्षं वाढतात, कामाची पातळी तिथेच राहते.

मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे 'दहा हजार तास' ही जी गोष्ट सर्वतोमुखी झाली, तिचं मूळ या अभ्यासात आहे. तासांच्या आकड्यावर नंतर पुष्कळ वाद झाले आणि निव्वळ सरावाने सगळं साधतं या समजुतीलाही धक्के बसले. पण त्या अभ्यासातली एक गोष्ट मला तासांपेक्षा मोलाची वाटते. या विद्यार्थ्यांच्या मते प्रगतीसाठी सर्वांत उपयोगी होता तो एकट्याने केलेला सराव, आणि तो त्यांना फारसा आनंदाचा वाटत नव्हता. कारण त्यात जे येतं ते वाजवायचं नसतं. जे येत नाही तिथेच पुन्हा पुन्हा जायचं असतं. तिथे टाळी नसते, सफाई नसते, आपलाच बेसूरपणा आपल्या कानांवर येत असतो.

ज्याला टाळीची सवय लहानपणीच लागली, त्याला अशा एकांतात बसणं किती जड जात असेल?

देवधरांच्या शाळेत

जिना हॉल गाजवलेला हा मुलगा देवधर मास्तरांच्या हाती आला, ही भाग्याची गोष्ट. देवधर हे पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ त्यांची संगीताची शाळा होती. पाश्चात्त्य संगीत आणि आवाजसाधना यांचाही त्यांचा अभ्यास होता. घराण्यांच्या भिंती त्या काळी चांगल्याच उंच होत्या. देवधरांचं दार मात्र सगळ्यांना उघडं असे. बडे गुलाम अली खाँ, सिंदे खाँ असे वेगवेगळ्या परंपरांतले गवई त्यांच्याकडे येत. चीज कोणत्या घराण्याची यापेक्षा तिच्यात काय आहे, हा त्यांच्या कुतूहलाचा विषय होता.

तबकडीवरून उचललेलं गाणं घेऊन आलेल्या मुलाला या शाळेत एक नवीन गोष्ट मिळाली : प्रश्न विचारायची सवय. एकच राग चार गवई चार तऱ्हांनी गातात, मग त्यातला राग कोणता आणि गवई कोणता? चारही तऱ्हा हुबेहूब गाऊन दाखवता येतात, पण त्यांपैकी आपली कोणती? नकलेच्या जोरावर या प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत. मुलगा बसला, शिकला. पुढे अंजनीबाई मालपेकरांकडूनही त्याला तालीम मिळाली. विशीत तो त्याच शाळेत शिकवू लागला, स्वतःचा विचार असलेला गवई म्हणून मैफली करू लागला.

म्हणजे पहिला अडथळा पार झाला तो गळा आणखी तयार करून नव्हे. गळा तयारच होता. कान बदलला म्हणून तो पार झाला. पूर्वीचा कान हुबेहूब उतरवण्यासाठी ऐकत होता, आता तो समजून घेण्यासाठी ऐकू लागला.

१९४८ : देवास

१९४७ साली कुमारजींचं लग्न देवधरांच्याच शाळेतल्या भानुमतीबाईंशी झालं आणि त्याच सुमारास क्षयाचं निदान झालं. त्या काळातल्या क्षयाची दहशत आजच्या पिढीला सांगून कळणार नाही. चांगली हवा, सकस अन्न, सक्तीची विश्रांती, हाच बहुतेकांसाठी उपचार. पाचगणी, मिरज इथल्या आरोग्यधामांत माणसं महिनोन् महिने पडून असत आणि कितीतरी जण परत येत नसत. अमेरिकेत सेल्मन वॉक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन शोधून काढलं होतं, पण ते औषध आपल्याकडे नुकतं कुठे पोचत होतं, सहज मिळत नव्हतं आणि परवडतही नव्हतं.

कोरड्या हवेसाठी १९४८ च्या जानेवारीअखेरीस कुमारजी मध्य भारतातल्या देवासला आले. माळव्याच्या पठारावरचं हे लहानसं संस्थानी गाव, मराठा पवारांचं. वय चोवीसही पूर्ण नव्हतं. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. काही काळापुरतं कमी करा असं नव्हे, पूर्ण बंद. ज्याची सगळी ओळख गळ्यात होती त्याला आता अंथरुणावर पडून राहायचं होतं, आणि पुन्हा कधी गाता येईल याची शाश्वती कोणीच देत नव्हतं.

ही अवस्था पाच-सहा वर्षं चालली. उमेदीतली पाच-सहा वर्षं. त्याच काळात बरोबरीचे गवई मैफली गाजवत होते, रेडिओवर गात होते, नाव कमावत होते.

अशा वेळी माणसासमोर दोन मार्ग असतात असं आपण धरून चालतो : नशिबाला दोष देत बसणं किंवा जिद्दीने झुंजणं. क्षयाशी जिद्दीने झुंजता येत नाही. जिद्द करून गायला बसले असते तर गेले असते. म्हणून 'इच्छा असेल तर मार्ग सापडतो' या छापाच्या उपदेशाचा इथे उपयोग नव्हता. उपयोग झाला तो एका साध्या प्रश्नाचा : गाता येत नाही, तर गाण्यातलं काय काय अजूनही करता येतं?

ऐकता येत होतं.

देवासच्या त्या घरात पडल्या पडल्या माळव्याची गाणी कानांवर येत होती. लग्नातली, पावसाळ्यातली, सणावारांची बायकांची गाणी. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे, नाथपंथी साधूंचा राबता आहे. दारावरून जाणारे जोगी कबीराची, गोरखनाथाची निर्गुणी भजनं गात जात. शास्त्रीय संगीतातल्या माणसाने अशी गाणी पूर्वीही ऐकलेली असतात. रेडिओ लागलेला असावा तशी ती ऐकली जातात, गोड वाटतात, विसरली जातात. कुमारजींनी ती ऐकली ती देवधरांच्या शाळेत कमावलेल्या कानाने. तीन-चार स्वरांत फिरणारी एखादी धून इतकी भरलेली का वाटते? शिक्षण नसलेली बाई नेमकी त्याच स्वरावर का थांबते? ही धून म्हणजे एखाद्या रागाचं बीज तर नव्हे? ती गाणी त्यांनी जमवली, त्यांची स्वरलिपी केली, त्यांच्यावर विचार केला.

त्यातून पुढे काय निघालं ते सर्वांसमोर आहे. राग हे लोकधुनांतून उगवतात हा विचार त्यांनी स्वतः नवे राग बांधून दाखवला. मालवती, लगनगंधार, सहेली तोडी, मधसूरजा हे त्यांचे 'धुनउगम' राग. १९६५ मध्ये 'अनुपरागविलास' हा त्यांच्या बंदिशींचा ग्रंथ मौजेने काढला. 'गीतवर्षा', 'गीतहेमंत', 'गीतवसंत' हे ऋतूंवरचे कार्यक्रम झाले. निर्गुणी भजनांना तर त्यांनी मैफलीत असं स्थान मिळवून दिलं की आज ती त्यांच्या नावानेच ओळखली जातात. या सगळ्याची पेरणी त्या सक्तीच्या मौनात झाली.

उरलेल्या श्वासाचं गाणं

स्ट्रेप्टोमायसिनने अखेर गुण आला. १९५३ च्या सुमारास कुमारजी पुन्हा गाऊ लागले. पण एक फुप्फुस कायमचं निकामी झालं होतं. ख्यालगायनाचा सगळा डौल दमसासावर उभा असतो. लांबलचक आलाप, एका श्वासात समेपर्यंत जाणारी तान, संथ विलंबित लय, हे सगळं भरलेल्या छातीचं काम. तेच भांडवल अर्धं झालं होतं.

त्यांच्या पुढच्या काळातली कोणतीही ध्वनिमुद्रिका लावून शांतपणे ऐका. स्वरवाक्यं लहान आहेत. एखादा स्वर एकदम तारसप्तकात फेकला जातो, बाणासारखा लागतो आणि लगेच शांतता. मग अगदी हलका, कुजबुजीएवढा आवाज. तान येते ती छोट्या, चमकून जाणाऱ्या तुकड्यांत. लय फार संथ नाही. आणि दोन वाक्यांच्या मध्ये मोकळी जागा आहे. ती मोकळी जागा कुठेही उणीव म्हणून कानाला खटकत नाही, ती गाण्याचाच भाग होऊन येते.

ती जागा भरलेली वाटते याचं एक रहस्य तंबोऱ्यांत आहे. तंबोरे लावण्याबद्दल कुमारजी किती काटेकोर होते हे त्यांच्या श्रोत्यांना चांगलं ठाऊक आहे. तंबोऱ्याला चार तारा : पहिली बहुधा पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या म्हणजे षड्जाच्या, शेवटची खर्जाची. खुंटी पिळून तार जवळपास सुरात आणायची, मग घोडीच्या खालच्या अंगाला असलेला मणी केसभर सरकवून ती नेमकी करायची. नंतर जवारी. घोडीवर तारेखाली कापसाचं सूत असतं. ते किंचित पुढेमागे केलं की एका विशिष्ट जागी तार एकदम उघडते, नुसता टणत्कार जाऊन गुंजन सुरू होतं. चारही तारा अशा खऱ्या लागल्या की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येऊ लागतो, ज्याला गवई स्वयंभू गंधार म्हणतात. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट वेगाने होणारं कंपन हे त्याचं भौतिक कारण. ते प्रत्येक तारेत असतंच, पण तारा आणि जवारी नीट लागलेल्या नसतील तर ते आपल्या कानाला सहज जाणवत नाही.

असे दोन तंबोरे मागे बोलत असले की गवई थांबला तरी गाणं थांबत नाही. त्याने श्वास घेण्यासाठी सोडलेल्या जागेत श्रोत्याला सुराचं सगळं घर दिसत राहतं. ज्याच्याकडे दमसास भरपूर आहे त्याला तंबोऱ्याकडे थोडं दुर्लक्ष करून चालून जातं. ज्याच्याकडे तो मोजका आहे त्याला ते परवडत नाही. त्यांनी तंबोऱ्यावर घेतलेले कष्ट मी असे वाचतो : जे कमी झालं त्याची भरपाई त्यांनी आरडाओरड्याने केली नाही. जे हातात होतं ते आणखी अचूक केलं.

आजाराला श्रेय नको

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. 'फुप्फुस गेलं म्हणून कुमारांची शैली झाली' असं वाक्य पुष्कळदा ऐकू येतं. ते अर्धवट आहे. त्या काळात लाखो लोकांना क्षय झाला, त्यांतले कितीतरी गात असतील, वाजवत असतील, लिहीत असतील. आजाराने कोणालाही कला दिली नाही, हिरावून मात्र अनेकांकडून घेतली. संकटं माणसाला मोठं करतात, हे आपण भाषणांत सहज बोलून जातो. खरं तर संकटं बहुतेकांना मोडतात. कुमारजी मोडले नाहीत, यामागे दोन गोष्टी होत्या आणि त्या दोन्ही आपण नीट पाहिल्या पाहिजेत.

पहिली, आजार येण्याआधीच कान तयार झालेला होता. नकलेतून बाहेर पडून समजून घेण्याची सवय आधी लागली होती, म्हणून अंथरुणावरचा काळ रिकामा गेला नाही. बळ असताना ज्याने विचार केला, त्यालाच बळ गेल्यावर विचाराचा आधार मिळाला.

दुसरी, भानुमतीबाई. त्या स्वतः गाणं शिकलेल्या. देवासला त्यांनी शिक्षिकेची नोकरी करून घर चालवलं, आजाऱ्याची सेवा केली, औषधपाणी पाहिलं. लग्न झाल्याबरोबर हे सगळं त्यांच्या अंगावर आलं. एका माणसाच्या उत्कृष्टतेमागे दुसऱ्या माणसाचे असे कष्ट उभे असतात आणि गौरवग्रंथांत त्यांना एखादं पान मिळतं. १९६१ मध्ये बाळंतपणात भानुमतीबाई गेल्या. देवासच्या घराचं नाव 'भानुकुल' आहे. पुढे १९६२ मध्ये कुमारजींचा विवाह वसुंधराताईंशी झाला. त्या स्वतः उत्तम गायिका होत्या आणि कुमारजींच्या गाण्याला त्यांची अखेरपर्यंत साथ होती. राहुल बारपुते, चित्रकार विष्णु चिंचाळकर यांच्यासारखे इंदूरचे मित्र होते, महाराष्ट्रात पु. ल. देशपांड्यांसारखे स्नेही होते. 'मी एकट्याच्या जिद्दीवर उभा राहिलो' असं म्हणणाऱ्याची गोष्ट बहुधा अपुरी असते. अडचणीच्या काळात मदत मागणं आणि घेणं, हादेखील उत्तमाच्या वाटेवरचाच भाग आहे.

टीकेचा अडथळा

गाणं पुन्हा सुरू झालं तेव्हा सगळ्यांनी हार घेऊन स्वागत केलं असं नाही. घराणं कोणतं, विलंबित रीतसर का गात नाही, ख्यालाची चौकट का मोडता, असे प्रश्न जाणकारांनी विचारले आणि ते विचारणारी माणसं लहान नव्हती. लहानपणी ज्याला सगळ्यांची पसंती मिळाली होती, त्याला आता निम्म्यांची नापसंती सोसायची होती. इथे पहिल्या अडथळ्याची खरी परीक्षा झाली. टाळीची गरज उरलेली असती तर ते पुन्हा सर्वांना रुचेल असं गायले असते, ती तयारी गळ्यात होतीच.

त्यांनी तसं केलं नाही, आणि परंपरेकडे पाठही फिरवली नाही. 'मला उमजलेले बालगंधर्व' हा त्यांचा कार्यक्रम पाहा. तबकड्या हुबेहूब गाणाऱ्या मुलाने मोठेपणी बालगंधर्वांची पदं गायला घेतली, तेव्हा त्यात नक्कल नव्हती. बालगंधर्व एखाद्या शब्दाशी, एखाद्या स्वराशी कसा विचार करत, हे ते आपल्या गळ्यातून उलगडून दाखवत होते. सुळेभावीपासून सुरू झालेला प्रवास किती लांबचा होता, हे या एका कार्यक्रमावरून कळतं. १९७७ मध्ये पद्मभूषण, १९९० मध्ये पद्मविभूषण हे सन्मान झाले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच ते गेले.

आपल्या कामात हे कसं उतरवायचं

प्रतिभा उसनी घेता येत नाही, हे खरं. पद्धत घेता येते. कुमारजींच्या या वाटचालीतून मला तीन गोष्टी उचलण्याजोग्या वाटतात.

पहिली : आपल्याला सर्वांत चांगलं येणारं काम निवडा आणि त्याच्याकडे परक्याच्या नजरेने पाहा. शिक्षक असाल तर एक तास ध्वनिमुद्रित करून घरी ऐका. लिहीत असाल तर वर्षभरापूर्वीचा मजकूर मोठ्याने वाचा. दुकान चालवत असाल तर एखाद्या दिवशी गिऱ्हाइकाच्या बाजूला उभं राहून गल्ल्याकडे पाहा. आपल्याला वाटत असतं त्यापेक्षा वेगळं काहीतरी दिसेल. ते पहिल्यांदा बोचतं. ती बोच सहन करून पुढे ऐकत राहणं, हाच इथला सराव.

दुसरी : काय गेलं याची यादी करून झाली असेल, तर काय उरलं याची यादी करा, आणि ती मोघम नको. 'हिंमत उरली आहे' असं लिहू नका. गुडघे गेले म्हणून डोंगर चढता येत नाही, पण नकाशा वाचता येतो, नव्या मुलांना वाट समजावता येते, चाळीस वर्षांच्या भटकंतीच्या नोंदी लावता येतात, असं लिहा. घरात आजारी माणूस आहे म्हणून दिवसातला एकच तास मिळतो, तर त्या एका तासात कामाचा कोणता तुकडा पुरा होऊ शकतो, हे लिहा. लहान स्वरवाक्य चालेल. ते खरं लागलं पाहिजे.

तिसरी : ज्यांच्या आधारावर आपण हे करणार आहोत त्या माणसांशी आधी बोला. तुमच्या सरावाचा तास कोणाच्या तरी कामाच्या तासातून येतो. ते मान्य करा, शक्य तिथे वाटून घ्या, आणि त्यांचं स्वतःचं काही राहून जात असेल तर तेही विचारा.

यातल्या कोणत्याही गोष्टीसाठी अडथळा दूर होण्याची वाट पाहावी लागत नाही. तब्येत सुधारली की, मुलं मोठी झाली की, बदली झाली की सुरू करू, असं म्हणत आपण वर्षं घालवतो. देवासला गाणं बंद होतं तेव्हा गाण्याचं काम सुरू होतं, एवढंच आठवा.

पुढच्या लेखांकात आपण तुलना या अडथळ्याकडे वळू : दुसऱ्याच्या यशाने आपलं काम का थांबतं आणि ते कसं चालू ठेवायचं. तोवर या आठवड्यात एक करा. तुमचं ज्याबद्दल सर्वांत जास्त कौतुक होतं असं एकच काम घ्या आणि त्यातली एक जागा शोधा, जी तुमची तुम्हाला पटत नाही पण आजवर कोणी दाखवून दिलेली नाही. ती जागा कागदावर लिहून काढा आणि उद्यापासून कामाला लागा.